राजीनामा सगळ्यात शेवटी: डिझाइनची नोकरी ते पूर्णवेळ चित्रकला

२०११ च्या जूनमध्ये मी पहिल्यांदा नोकरी सोडली. अकरा वर्षं एका डिझाइन स्टुडिओत पॅकेजिंग करत होते. बिस्किटांचे पुडे, उदबत्त्यांची खोकी, मसाल्यांची पाकिटं. बँकेत आठ महिन्यांचा खर्च होता, डोंबिवलीच्या घरात काचा लावून बंद केलेली गॅलरी होती आणि मनाशी पक्कं होतं की आता फक्त चित्रं काढायची. पुढच्या फेब्रुवारीत मी पुन्हा नोकरीला लागले. पैसे संपले होतेच, पण मला जास्त लागलं ते वेगळंच. आठ महिन्यांत माझ्या हातून धड पाच चित्रं झाली नव्हती. रोज सकाळी कोऱ्या कॅनव्हाससमोर उभी राहायचे आणि काय हवंय ते कोणीतरी सांगेल म्हणून वाट बघायचे. सांगणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्यांदा नोकरी सोडली ती २०१८ मध्ये. तेव्हा घरात एकसष्ट चित्रं होती, नऊ विकली गेली होती आणि पुढच्या दीड वर्षाचा खर्च बाजूला काढलेला होता. त्यानंतर परत जावं लागलं नाही. दोन्ही वेळी मी तीच होते, घरही तेच होतं. बदलला होता तो कामांचा क्रम. तो क्रम इथे जमेल तितका सविस्तर लिहिते आहे. माझ्याकडे दर महिन्याला एखादा तरी डिझायनर हेच विचारत येतो, आणि बहुतेकांनी राजीनाम्याचा मजकूर आधी लिहून ठेवलेला असतो.

मनावरचं ओझं आधी उतरवा

आपल्याकडे 'कमर्शियलवाले' आणि 'फाइन आर्टवाले' अशी विभागणी कॉलेजातच होते. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ ची. तिथे कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ मध्ये सुरू झाला आणि १९६१ मध्ये उपयोजित कलेची, म्हणजे या कमर्शियल आर्टचीच, संस्था वेगळी झाली. आवार एकच राहिलं, पण मनात कुंपण पडलं. आपण व्यवसायात रुळलो की वाटायला लागतं, ते खरे चित्रकार आणि आपण कारागीर.

चित्रकारांचे प्रत्यक्ष आयुष्यक्रम पाहिले तर हे कुंपण टिकत नाही. एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली, नंतर मुलांच्या फर्निचरची आणि खेळण्यांची डिझाइनं केली. एस. एच. रझा मुंबईत आले तेव्हा छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत डिझायनर होते. प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात डिझाइनचं काम करत. १९६१ ते १९६५ ही वर्षं त्यांनी त्याच नोकरीत वाराणसीला काढली, आणि तिथल्या तंत्रसाधनेतल्या प्रतिमा त्यांच्या चित्रांत उतरल्या. मडगावहून आलेल्या दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं आणि त्यांच्या 'दीपावली' अंकाची पानं बघत मराठी घरांतल्या दोन पिढ्या चित्र बघायला शिकल्या. तुम्ही लेआउट करता, अक्षरं बसवता, रंग जुळवता, म्हणजे तुमचा डोळा तयार आहे. त्याला आता दुसऱ्या कामाला लावायचं आहे, एवढंच.

पहिली पायरी: नोकरी चालू असताना आठवड्याचे दहा तास

दहा तास हा आकडा मी विचार करून सांगते आहे. आठवड्याला दहा म्हणजे वर्षाला पाचशे तास. पाचशे तासांत साधारण पंधरा ते वीस मध्यम आकाराची चित्रं होतात, आणि तेवढी झाली की आपल्याला हे खरंच करायचं आहे का, हे कळतं. कित्येकांना या टप्प्यावर उमगतं की त्यांना चित्रकार व्हायचं नव्हतं, एका विशिष्ट बॉसपासून सुटायचं होतं. हे नोकरीत असतानाच कळलं तर फार बरं.

मी पहाटे साडेपाच ते सात बसायचे, आठवड्यातून पाच दिवस, आणि रविवारी दुपारी अडीच तास. रात्रीचा वेळ मी ठरवून टाळला. दिवसभर स्क्रीनवर रंग बघितलेल्या डोळ्यांना रात्री दहा वाजता पिवळा आणि गेरू यांतला फरक नीट दिसत नाही, आणि ट्यूबलाइटखाली मिसळलेला रंग सकाळी भलताच निघतो. डोंबिवली ते परळ लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर स्केचबुक काढायचे. लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या, पेंगणाऱ्या, फोनवर भांडणाऱ्या बायका रोज समोर असतात, आणि गाडी हलत असल्यामुळे रेघ गुळगुळीत करायची चैन परवडत नाही. त्या हलत्या रेघेने मला जेवढं शिकवलं तेवढं महागड्या कार्यशाळांनी शिकवलं नाही.

घरच्यांशी हे तास आधीच बोलून घ्या. माझ्या सासूबाई पहाटे उठतात. 'सात वाजेपर्यंत मला हाक मारू नका' हे त्यांना सांगायला मी दोन वर्षं लावली. त्या पहिल्याच दिवशी 'बरं' म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून दाराबाहेर चहा ठेवू लागल्या.

दुसरी पायरी: हाताला रंगाची ओळख

स्क्रीनवर आपण वर्षानुवर्षं प्रकाश मिसळलेला असतो, छापताना शाई. ट्यूबमधला रंग या दोन्हींसारखा वागत नाही. निळा आणि पिवळा मिसळला की हिरवा होतो हे खरं, पण कोणता निळा आणि कोणता पिवळा यावर तो हिरवा पानाचा होईल की शेवाळाचा, हे ठरतं. म्हणून सुरुवातीला अठ्ठेचाळीस रंगांची पेटी घेऊ नका. टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्लू, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना, हे चार रंग घेऊन तीन महिने काढा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो काळा तयार होतो तो विकतच्या काळ्यापेक्षा जिवंत असतो, आणि एकाचं प्रमाण वाढवत गेलात की त्यातूनच गार आणि ऊबदार असे दोन्ही करडे मिळतात.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. डिझायनरला छपाईच्या रंगांचे पँटोन नंबर पाठ असतात, तसेच इथे रंगद्रव्यांचे असतात. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम व्हाइट, पीवाय ४३ म्हणजे यलो ऑकर. नावापुढे 'ह्यू' लिहिलं असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी दुसरं काहीतरी वापरून तशी छटा आणलेली असते. ट्यूबवर प्रकाशात टिकण्याची श्रेणीही दिलेली असते. पीआर ८३, म्हणजे जुनं अ‍ॅलिझरिन क्रिमझन, दिसायला मोहक असतं पण उजेडात विटतं. पुड्यावरचा लाल सहा महिने टिकला तरी चालायचं. ज्याने चित्र विकत घेतलं त्याच्या भिंतीवर तो तीस वर्षांनीही तसाच दिसला पाहिजे.

अ‍ॅक्रिलिक की तैलरंग? लहान घरात, लहान मुलं असताना, नोकरी सांभाळून काम करायचं असेल तर अ‍ॅक्रिलिकने सुरुवात करा. ते लवकर वाळतं, पाण्याने धुता येतं. वाळल्यावर थोडं गडद होतं, हे मात्र लक्षात ठेवून मिसळा. तैलरंगांत उतरलात तर तीन नियम पाळाच. खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे ठेवा, नाहीतर पुढे भेगा पडतात. अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, पण तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक कधीही लावू नका. ते धरत नाही, पोपडे निघतात. तिसरा नियम जिवाशी संबंधित आहे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकल्या तर तेल वाळताना तयार होणाऱ्या उष्णतेने त्या आपोआप पेटू शकतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा, आणि टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी असू द्या.

हात मोकळा होण्यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेला सराव सांगते. बोरू किंवा ब्रश आणि काळी शाई घेऊन साध्या कागदावर शंभर रेखाटनं करायची. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. आपल्या बोटांना कंट्रोल-झेडची, म्हणजे संगणकावर चूक पुसून मागे जाण्याची, इतकी सवय झालेली असते की चुकीची रेघ समोर राहू देणं अंगावर येतं. चाळिसाव्या-पन्नासाव्या कागदाच्या सुमारास चुकलेल्या रेघेलाच पुढची रेघ उत्तर द्यायला लागते, आणि तिथून चित्र सुरू होतं.

तिसरी पायरी: ब्रीफ नसताना काय काढायचं

ब्रीफ म्हणजे काय हवंय ते सांगणारी क्लायंटची सूचना. २०११ मध्ये मी इथेच अडकले होते, म्हणून इथे जरा थांबते.

डिझायनर वाईट चित्र काढत नाही. तो फार लवकर कळणारं चित्र काढतो. होर्डिंग सिग्नलला थांबलेल्या माणसाला तीन सेकंदांत कळलं पाहिजे, पुडा दुकानाच्या फळीवर दहा पुड्यांत उठून दिसला पाहिजे. ही शिस्त इतकी अंगात भिनते की कॅनव्हासवरही आपण केंद्र पक्कं करतो, कडा स्वच्छ ठेवतो, मोकळी जागा मोजून सोडतो, आणि बघणारा 'वा, छान!' म्हणून पुढे जातो. माझी पहिली चित्रं अशीच होती. माझ्या एका जुन्या शिक्षकांनी ती बघून विचारलं, "यावर लोगो कुठे येणार?" त्यांचा टोमणा नव्हता, ते निदान होतं. लोगोसाठी जागा मी खरोखरच सोडली होती.

यातून बाहेर यायला मी तीन गोष्टी केल्या.

चित्र आधी संगणकावर रचणं बंद केलं. फोटोशॉपमध्ये रचना पक्की करून ती कॅनव्हासवर उतरवली की हाताला फक्त भरणी करायचं काम उरतं, आणि चित्र काढता काढता जे सापडायचं असतं ते सापडत नाही.

एकच विषय दहा वेळा काढला. डिझायनर एका ब्रीफवर तीन पर्याय देतो आणि तिघांचे तोंडवळे मुद्दाम वेगळे ठेवतो. इथे उलट करा. तोच विषय, तोच आकार, जमल्यास तेच रंग. चौथ्या-पाचव्या चित्रापर्यंत युक्त्या संपतात. सहावं चित्र कंटाळ्याचं असतं. सातव्यापासून तुमचं स्वतःचं काहीतरी दिसायला लागतं.

आणि विषय शोधत बसण्याऐवजी तो माझ्याकडे आधीच आहे का, ते तपासलं. दोन वर्षांची स्केचबुकं फाडून दोनशेच्या वर पानं हॉलच्या फरशीवर पसरली आणि स्टुलावर उभी राहून बघितली. जवळजवळ चाळीस पानांत गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या होत्या. लोकलच्या खिडकीतून, आमच्या स्वयंपाकघरातून, ऑफिसच्या जिन्यावरून मी टाक्याच काढत होते आणि मला ते ठाऊकही नव्हतं. मग आठवलं की आमच्या लहानपणी पाणी पहाटे चार वाजता यायचं आणि आई टाकीत वाकून तांब्या बुडवून बघायची. पुढची चार वर्षं मी टाक्या काढल्या. हा प्रयोग कराच. महिनाभर नव्हे, निदान वर्षभराची रेखाटनं जमली की करा, आणि पानं बघताना चांगलं-वाईट ठरवू नका, फक्त पुन्हा पुन्हा काय येतंय ते मोजा. बरवे वर्षानुवर्षं डायऱ्या लिहीत, त्यांत वस्तूंची रेखाटनं आणि त्यांविषयीचे विचार शेजारी-शेजारी असत. अशी एक वही ठेवा. क्लायंटची जागा ती वही घेते.

चित्र संपलं हे कोण ठरवणार, हाही प्रश्न येतो. पूर्वी 'अप्रूव्ड' असा मेल यायचा. आता मी चित्र पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवते. पलटल्यावर पहिल्या मिनिटात हात ब्रशकडे गेला तर ते संपलेलं नाही.

चौथी पायरी: परक्या नजरा

आठ-दहा चित्रं एका सुरात झाली की ती घराबाहेर काढा. कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनात व्यावसायिक कलाकारांसाठी वेगळा विभाग असतो. आजवर उपयोजित कला विभागात काम पाठवलं असेल तर आता रेखा व रंगकलेत पाठवा. १८८८ साली स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी आणि १९१८ ची आर्ट सोसायटी ऑफ इंडिया यांची वार्षिक प्रदर्शनं आहेत, दिल्लीच्या ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन आहे. निवड होवो न होवो, प्रदर्शन बघायला जरूर जा आणि तुमच्या आकाराच्या, तुमच्या माध्यमातल्या चित्रांसमोर वेळ काढा. नकार येतील. मला पहिल्या तीन वर्षांत सात आले, आणि त्यांपैकी एकाही पत्रात कारण नव्हतं. त्या काळात दोन चित्रकार मैत्रिणींबरोबर महिन्यातून एकदा एकमेकींच्या घरी चित्रं बघायचा नेम ठेवला होता. आपलं काम शब्दांत मांडायला मी तिथे शिकले.

इंस्टाग्रामबद्दल फार लिहीत नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

पाचवी पायरी: पैशाची वही

महिन्याचा घरखर्चातला तुमचा वाटा लिहा, त्यात साहित्याचा खर्च मिळवा आणि अठराने गुणा. समजा वाटा ४०,००० आणि साहित्य ८,०००, तर ४८,००० गुणिले १८ म्हणजे ८,६४,००० रुपये. तेवढे साठेपर्यंत राजीनामा नाही. प्रदर्शनाचा खर्च यात धरू नका, तो वेगळा साठवा. अठरा महिने अशासाठी की पहिले सहा महिने नुसते स्थिरावण्यात जातात आणि चित्र बघितल्यापासून विकत घेईपर्यंत लोक वर्ष-वर्ष घेतात. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर यांचं पहिलं चित्र १९१३ मध्ये विकलं गेलं आणि त्यानंतरचं थेट १९२३ मध्ये. मधली दहा वर्षं ते मासिकांसाठी नाइलाजाने इलस्ट्रेशन करत राहिले. १९२४ चं प्रदर्शन संपूर्ण विकलं गेलं तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते, आणि मगच त्यांनी ते काम सोडलं.

नोकरीत असतानाच स्वतःचा आरोग्य विमा घ्या. कंपनीची पॉलिसी राजीनाम्याबरोबर जाते, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो. घराचं कर्ज काढायचं असेल तर तेही आधीच, कारण बँक पगाराची स्लिप मागते.

डिझाइनचं काम एकदम तोडू नका, पण निवडा. मी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि एका दिवाळी अंकाची मांडणी ठेवली. अंकाचं काम जुलै ते सप्टेंबर असतं, नेमक्या पावसाळ्यात, जेव्हा तैलरंग वाळता वाळत नाहीत. रोज पोस्ट टाकायच्या सोशल मीडियाची कामं सोडली. पैसे बरे मिळायचे, पण दर दोन तासांनी फोन वाजायचा. काम किती तास खातं यापेक्षा ते दिवसाचे किती तुकडे करतं, हे बघून ठरवा.

सहावी पायरी: आता राजीनामा, आणि थोडे कायद्याचे कागद

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या चार गोष्टी प्रत्येक चित्रकाराला ठाऊक हव्यात. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते. म्हणून ऑफिसात केलेली इलस्ट्रेशन्स 'माझीच आहेत' म्हणून पुढे चित्रांत उचलू नका. स्वतःहून काढलेलं चित्र विकलंत तर विकला जातो तो कॅनव्हास. त्यावरून छापील प्रती, कॅलेंडर किंवा कापड काढायचा हक्क तुमच्याकडेच राहतो; तो द्यायचा असेल तर लेखी द्यावा लागतो. मात्र कोणी पैसे देऊन सांगून चित्र काढून घेतलं, उदाहरणार्थ आजोबांचं पोर्ट्रेट, तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास कॉपीराइट त्या गिऱ्हाइकाचा होतो. इथे भलेभले फसतात. दोन ओळींचं पत्र आधीच करून घ्या. आणि मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर त्यात चित्रकाराला वाटा मागायचा हक्क कायद्याने दिलेला आहे. त्यासाठी तरी कोणतं चित्र कोणाकडे गेलं याची नोंद हवी.

डिझाइनची सेवा आणि चित्रांची विक्री दोन्ही चालू ठेवणार असाल तर जीएसटी नोंदणीची वार्षिक मर्यादा २० लाखांची धरून चाला. राज्याबाहेर विक्री करायच्या आधी सीएशी एकदा बोला. पॅन एकच असला तरी चित्रांचं बँक खातं वेगळं काढा, वर्षाअखेरीला डोकं शांत राहतं.

सातवी पायरी: पहिलं एकल प्रदर्शन

काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे आणि आपल्यातल्या प्रत्येकाला एकदा तरी तिथे चित्रं लावायची असतात. अर्जाबरोबरची चित्रं समिती बघते, निवड झाली तरी तारीख यायला काही वर्षं लागतात, आणि प्रदर्शन मंगळवार ते सोमवार असा एक आठवडा चालतं. म्हणून अर्ज आज करा, पण त्या तारखेची वाट बघत थांबू नका. वरळीचं नेहरू सेंटर आहे, पुण्यात बालगंधर्व कलादालन आहे, आणि बहुतेक शहरांत महापालिकेचं किंवा संस्थेचं एखादं दालन असतंच. माझं पहिलं प्रदर्शन पुण्यात तीन दिवसांचं झालं. अठ्ठावीस चित्रं नेली. तिथे गेल्यावर कळलं की भिंतींना एकोणीसच पुरेशी होती, बाकीची एकमेकींचा श्वास कोंडत होती. दालनाच्या भिंती आधी टेपने मोजा आणि कागदावर छोट्या प्रमाणात मांडणी करून बघा. हे काम आपल्याला इतर चित्रकारांपेक्षा सोपं जातं. कॅटलॉग, निमंत्रणपत्रिका, चित्राखालच्या पट्ट्या यांतही आपली वर्षांची कमाई कामी येते. फक्त कॅटलॉग चित्रांपेक्षा देखणा होऊ देऊ नका.

खर्चाचा अंदाज करताना लोक दालनाचं भाडं धरतात आणि फ्रेम विसरतात. माझ्या वहीत फ्रेमचा खर्च भाड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. त्याशिवाय टेम्पो, हमाल, छपाई, उद्घाटनाचा चहा-वडा, राहणं. कॅनव्हासच्या कडा रंगवून तो बिनफ्रेमचा लावणं हा चांगला आणि स्वस्त मार्ग आहे.

पूर्ण वेळ दालनात हजर राहा. फोन पिशवीत ठेवा. माणूस एका चित्रासमोर दुसऱ्यांदा येऊन उभा राहिला की मगच जवळ जा, आणि चित्र समजावून सांगण्याऐवजी त्याला काय दिसलं ते विचारा. पुण्यात एक निवृत्त प्लंबर माझ्या टाक्यांसमोर अर्धा तास उभे होते. जोडणीचा पाइप चुकीच्या बाजूला दाखवलाय, असं त्यांनी सांगितलं. ते बरोबर होते. पुढच्या चित्रांत मी पाइप बघून काढायला लागले.

किंमत

आपल्याकडे चौरस इंचाने भाव लावायची पद्धत आहे. समजा दर ३५ रुपये. मग ३६ बाय ३६ चं चित्र ४५,३६० ला जातं, १२ बाय १२ चं अवघ्या ५,०४० ला आणि ६० बाय ६० चं एकदम १,२६,००० ला. लहान चित्र तोट्यात आणि मोठं कोणी घेईना, अशी गत होते. मी लांबी अधिक रुंदी धरते. दर ६०० असेल तर तीच चित्रं ४३,२००, १४,४०० आणि ७२,००० ला बसतात. दर किती ठेवायचा ते तुमच्यासारख्याच टप्प्यावरच्या चित्रकारांची पाच-सहा प्रदर्शनं फिरून ठरवा. एकदा ठरला की घरी, दालनात, गॅलरीत तोच राहू द्या. ओळखीच्यांना घरून स्वस्त दिलं आणि गॅलरीला कळलं, तर ती गॅलरी पुन्हा विचारत नाही, आणि तिचं चुकत नाही. गॅलरीचं कमिशन साधारण एक तृतीयांश ते निम्मं असतं, ते किमतीत सुरुवातीपासूनच सामावून घ्या. दर वर्षाला थोडा वाढवा, खाली कधीच आणू नका.

गॅलरीला चित्रं देताना यादी करून सही घ्या: चित्राचं नाव, आकार, किंमत, कमिशन, किती महिन्यांसाठी, विक्रीनंतर पैसे किती दिवसांत. एका गॅलरीत माझी सहा चित्रं अकरा महिने पडून होती. परत आली तेव्हा दोन चित्रांच्या कोपऱ्यांना मार होता, आणि माझ्याकडे पोचपावतीसुद्धा नव्हती, मग बोलणार कशाच्या जोरावर?

चित्र गुंडाळताना बबल रॅप थेट रंगावर कधीही लावू नका. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने मऊ होतं. मे महिन्यात टेम्पोच्या हौद्यात फुगे रंगाला चिकटतात आणि गोल गोल ठसे कायमचे राहतात. आधी बटर पेपर किंवा ग्लासाइन (गुळगुळीत, न चिकटणारा कागद), मग फुगे बाहेरच्या बाजूला ठेवून बबल रॅप, कोपऱ्यांना पुठ्ठा, आणि मोठ्या चित्राला पुढे-मागे प्लाय.

विकण्याआधी प्रत्येक चित्राचा नीट फोटो हवाच. ढगाळ दिवशी सावलीत, कॅमेरा चित्राच्या मध्याच्या उंचीवर, शेजारी करड्या रंगाचं कार्ड. घरात काढायचा तर दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांवर सारखे दिवे. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवायचा मोह आवरा, कारण घेणाऱ्याने फोटो आणि चित्र शेजारी ठेवून बघितलेलं असतं.

नोकरी सोडल्यानंतरचं पहिलं वर्ष

पहिले तीन महिने मोठे जड जातात. सकाळी अकरा वाजता सोसायटीत कमालीची शांतता असते आणि आपण वयाच्या चाळिशीत घरी आहोत याची लाज वाटते, विशेषतः वॉचमन 'आज सुट्टी का मॅडम?' विचारतो तेव्हा. मी ऑफिसचीच वेळ पाळली. साडेनऊला आंघोळ-डबा करून घरातल्या बंद गॅलरीत शिरायचं, एक वाजता डबा खायचा, सहाला ब्रश धुवायचे. काहीही सुचत नसेल त्या दिवशी कॅनव्हासना जेसो, म्हणजे रंगाआधीचं पांढरं अस्तर, लावायचा, दोन-तीन हात, मध्ये पॉलिश पेपर मारून. हात चालू राहतात आणि पुढच्या आठवड्याची तयारी होते.

आणि पावसाळा. जून लागायच्या आत सगळे कॅनव्हास बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर घ्या, खाली लाकडी पट्ट्या टाका, प्लॅस्टिकमध्ये बांधून तर मुळीच ठेवू नका, आत दमट हवा कोंडून बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या महिन्याला बदला. तैलचित्राला व्हार्निश घाईने लावू नका, सहा महिने ते वर्षभर वाळू द्या, आणि तेही कोरड्या हवेत, दिवाळीनंतर. गणपती गेले की एकेक चित्र बाहेर काढून मागची बाजू मऊ कोरड्या ब्रशने झाडते, क्रमांक वहीशी ताडून बघते, आणि ज्यांना अजून घर मिळालेलं नाही ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून लावते.